परीच्या गुडघ्यावरचा रुमाल

भाव करताना मालाकडे बघायचं नाही, हे मी धंद्याच्या पहिल्याच वर्षी शिकले. माल आवडलाय हे समोरच्याला आपल्या डोळ्यांत दिसलं की भाव चढतो. म्हणून दुकानात मी पंख्याकडे बघते, गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या फोटोकडे बघते, आणि बोटं तेवढी कापडावर फिरवत राहते. त्या दुपारी रिंग रोडवरच्या एका मार्केटच्या तळघरात मी अशीच परकरांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभी होते. डझनाचा गठ्ठा, वर पुठ्ठ्याचं कार्ड, सुतळीने बांधलेला. दुकानदार भाव सांगत होता आणि मी ऐकत नसल्यासारखं दाखवत होते. सुतळी सैल करून आतला माल बघावा म्हणून मी अंगठा सरकवला, आणि अंगठ्याखाली मी होते.

माझा फोटो नव्हता तो. कार्डावर गुलाबी शाईत एक परी छापली होती. पाठीला पंख, मुठीत चांदणी लावलेली कांडी, दोन्ही पाय हवेत. खाली गुजरातीत ‘परी छाप’. पण परीची वेणी मागे दोरीसारखी ताठ उडाली होती आणि तिच्या गुडघ्याला रुमाल बांधलेला होता. गाठीचे दोन कान वर उभे. उडणाऱ्या परीला गुडघ्याला रुमाल बांधायचं काय कारण?

तो रुमाल माझ्या थोरल्या भावाचा होता. गाठ मी स्वतः मारली होती, शाळेत असताना.

खानदेशातल्या आमच्या गावच्या शाळेकडून मी खो-खो खेळायचे. खांबावर सूर मारणं हे माझं काम. एक हात खांबाला घालायचा, दुसरा पुढे फेकायचा आणि सगळं अंग हवेत झोकून द्यायचं. पळणारीच्या पाठीला बोटं टेकली की ती बाद. तालुक्याच्या सामन्यात पहिल्या डावात माझा गुडघा सोलून निघाला. भावाचा रुमाल गुंडाळून मी दुसऱ्या डावाला उतरले. आमचे चित्रकलेचे सर मैदानाच्या कडेला बसून वहीत रेघा ओढत होते. आम्ही जिंकलो, आणि पुढचे कितीतरी दिवस सर मधल्या सुटीत लिनोलियमचा एक तुकडा कोरत बसायचे. मग त्यावर काळी शाई फिरवून, वर पातळ कागद ठेवून, चमच्याच्या पाठीने घासून त्यांनी छाप काढले. संघात आम्ही बाराजणी, म्हणून छापही बाराच. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा आणि सरांची सही. माझ्यावर होतं ‘४/१२’.

बारावा छाप निघाला तेव्हा सरांनी सुरी घेतली आणि आमच्यादेखत त्या लिनोलियमवर आरपार फुली मारली. एक मुलगी हळहळली.

“सर, एवढं चांगलं होतं ते.”

“म्हणूनच,” सर म्हणाले. “आता तेरावीला मिळणार नाही.”

लग्नाआधीचा माझा एकही फोटो नाही. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांखाली हनुवटी तेवढी दिसते. मी अशी होते, हे सांगणारी वस्तू म्हणजे तो एक कागद. सर पुढे वारले. संघातल्या ज्या मुली नंतर भेटल्या, त्यांच्याकडे त्यांचे छाप राहिले नव्हते. कुणाच्या सासरी चुलीत गेला, कुणाचा भिंतीवरच ओल लागून गेला. माझा मी सासरी, डिंडोलीच्या आमच्या खोलीत लोखंडी पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये जपला होता. मालक, म्हणजे माझा नवरा, पॉवरलूमवर पाळीला गेले आणि सासूबाई झोपल्या की कधीतरी काढून बघायचे.

मग प्लेगचं वर्ष आलं. आम्ही सगळे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळालो. माझा दीर तेवढा आमच्या आधी परतला, कारण पलसाण्याच्या ज्या प्रिंटिंग कारखान्यात तो टेबलावर कपडा छापायचा तिथून बोलावणं आलं होतं. मी आले तेव्हा खोलीत औषधाचा वास होता, पेटी अर्धी रिकामी होती आणि दीर उंबऱ्यात उभा राहून सांगत होता, “वहिनी, फवारणीवाले आले होते. ओलं झालेलं सगळं बाहेर फेकायला लावलं त्यांनी. मी काय करणार?”

माझं लग्न झालं तेव्हा हा दीर चौथीत होता. एक भुवई जन्मापासून पांढरी, म्हणून पोरं चिडवायची आणि तो रडत माझ्याकडे यायचा. त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला. तीन वर्षं मी फवारणीवाल्यांना शिव्या घातल्या. एकदा तर त्यांच्या एका मुकादमाला भर रस्त्यात अडवून विचारलं की लोकांच्या पेट्या उघडायचा हुकूम तुम्हाला कुणी दिला.

आणि आता तळघरात, परकरांच्या गठ्ठ्यावर, मला पंख फुटले होते.

माल कुठून येतो हे कुठलाही व्यापारी गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर गिऱ्हाईक थेट कारखान्यात जातं आणि मधल्याची दलाली बुडते. सरळ विचारलं असतं तर त्याने हसून चहा मागवला असता. मी हात पदरात घेतले आणि तोंड वाकडं केलं.

“नेफ्याची शिलाई बघा. नाडी ओढली की उसवेल. पलसाण्याचा कचरा आहे हा.”

त्याला ते लागलं. “पलसाणानो नथी, बेन. कडोदरानो छे. नाळा पासे शेड छे ने, एनो. आखा बाजारमां आवी शिलाई नहीं मळे.”

“असेल,” मी म्हटलं. “एक डझन द्या. बघते टिकतो का.”

भाव न करता मी गठ्ठा घेतला. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. मी पायऱ्या चढून वर आले आणि कडोदऱ्याची शटल रिक्षा धरली.

रिक्षात दाटीवाटीने बसून मी ते कार्ड पुन्हा पुन्हा बघत होते. सरांच्या चित्रात मी डावीकडे झेपावले होते. इथे परी उजवीकडे उडत होती. आरशात बघावं तसं. रुमालही दुसऱ्या गुडघ्यावर गेला होता. कुणी बघून काढलं असेल तर एवढं उलटं कशाला काढेल? आणि बघून काढायला तरी मूळ कागद हवा. म्हणजे तो कुणाच्या तरी हातात गेला होता. कदाचित अजून असेल. हा ‘कदाचित’ मला सहन होत नव्हता. कागद गेला असं धरून चालले होते तेव्हा निदान राग करायला जागा होती.

नाल्याजवळची शेड सापडायला वेळ लागला नाही. आत बायका ओळीने मशीनवर बसलेल्या, बहुतेक आपल्याच बोलीच्या. शेडचा शेठ कोपऱ्यात कार्डांच्या चळतीशेजारी बसला होता, साठीच्या आसपासचा, बनियनवर. मी घाऊक गिऱ्हाईक म्हणून बसले, पाणी प्यायले, डिंडोलीत मी किती घरांत साड्या आणि परकर पोचवते ते सांगितलं. ते खरंच होतं. मग कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

“शेठ, हे चित्र कुणी काढलं?”

“केम, गम्युं?” मला चित्र आवडलं असं समजून तो खूश झाला आणि पुढे मोडक्या हिंदी-मराठीत बोलू लागला. “ही परी आली आणि माझा माल चालला. आधी कमळ छाप होता. कमळाला कोण विचारतो?”

“काढलं कुणी?”

“काढलं नाही. आलं. एक मराठी पोरगा घेऊन आला होता. पलसाण्याला टेबलावर काम करतो, एक भुवई सफेद आहे.”

मशीनचा आवाज होता म्हणून बरं, नाहीतर माझा श्वास त्याला ऐकू गेला असता.

तो आपल्याच तोऱ्यात सांगत होता. कार्ड छापायला स्क्रीन लागते. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिला रसायन लावायचं, वर चित्र ठेवून उजेड द्यायचा, जिथे काळं असेल तिथलं रसायन धुऊन जातं आणि तिथून शाई उतरते. पण उजेड आरपार जायला चित्र पारदर्शक फिल्मवर हवं, आणि फिल्मवर चित्र उतरवणारा कारागीर पैसे घेतो. “त्या पोराने डोकं चालवलं. कागद पातळ होता. त्याला मशीनचं तेल चोळलं. कागद काचेसारखा झाला. तोच ठेवला स्क्रीनवर. फुकटात काम.” शेठ हसला. “घाईत उलटा ठेवला, पण परीला डावं काय, उजवं काय?”

“ती परी नाही,” मी म्हटलं.

“आ तो परी छे, बेन. पंख छे.”

“पंख नंतर काढलेत. ती खो-खो खेळणारी मुलगी आहे. तिच्या हातात कांडी नाही, खांब आहे. आणि ती मुलगी मी आहे.”

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पस्तिशीची, पदर खोचलेली, घामाघूम बाई. तो हसला नाही, एवढं मी त्याच्या खात्यावर लिहिते.

“तो कागद कुठाय?”

“आहे.”

“मला द्या.”

“केम आपुं?” त्याचा आवाज बदलला. आता आम्ही दोघेही आपापल्या जागेवर आलो होतो. “स्क्रीन जुनी झाली. जाळी भरत चालली, रेघा तुटतात. या महिन्यात नवी काढायची आहे. कागदाशिवाय कशी काढू? माझा छाप त्याच्यावर चालतो.”

“कागद माझ्या पेटीतून चोरलाय.”

“मी नाही चोरला. मला आणून दिला. ज्याने दिला त्याला विचार.”

ते मी विचारणारच होते.

संध्याकाळी दीर जेवायला आला तेव्हा मी त्याला वाढलं. भाकरी, भरताची वाटी, मिरचीचा ठेचा. त्याने दोन घास घेतले. मग मी परकरांचं कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. सासूबाई दाराशी लसूण सोलत होत्या. मालक पाळीवरून येऊन आडवे झाले होते.

दिराने कार्ड बघितलं आणि घास तोंडातच धरला.

“फवारणीवाल्यांनी फेकलं, नाही का?” मी म्हटलं.

“वहिनी, ऐका तर.”

“ऐकतेय.”

“कागदच होता हो तो. पेटीत पडून होता. शेठला नवीन छाप हवा होता, मी म्हटलं आमच्या घरी एक उडणाऱ्या बाईचं चित्र आहे. दोन दिवसांत परत ठेवणार होतो. पण तेल लागल्यावर कसा ठेवू? तुम्ही ओळखलं असतं.”

“आणि खांब?”

“तो ब्लेडने कापला. मुठीतला तेवढा ठेवला.” तो खाली बघत म्हणाला. “परी कधी खांबाला लटकते का, वहिनी?”

लग्न झाल्यापासून मी त्याला ‘भावजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आले होते, तो चौथीत होता तेव्हाही. त्या क्षणी ते सुटलं.

“तीन वर्षं तू माझ्या हातचं जेवलास,” मी म्हटलं, आणि त्याच्यापुढचं ताट उचललं.

सासूबाई ताडकन उठल्या. “जेवता मानोसनं ताट उचलतस का वं?”

“चोराचं उचलतात.”

“एका कागदसाठे?”

“हो. एका कागदासाठी.”

मालक उठून बसले. ते फार बोलत नाहीत. “जाऊ दे,” एवढंच म्हणाले. माझ्या घरात ‘जाऊ दे’ म्हणजे ‘तू जाऊ दे’. आजवर जे जे गेलं ते मीच जाऊ दिलं होतं. बाहेर दिराची मोपेड उभी होती, परी छापची कार्डं छापायचं काम मिळालं त्यातून घेतलेली. त्या मोपेडवर मागे बसून मी कितीदा मार्केटला गेले होते. त्याने मला माझ्याच पाठीवर बसवून फिरवलं होतं आणि मी उतरताना त्याला ‘सांभाळून जा’ म्हणत होते.

“रविवारी तुझी सुटी आहे,” मी दिराला म्हटलं. “माझ्याबरोबर कडोदऱ्याला यायचं.”

“येऊन काय करू?”

“मी सांगेन ते.”

ताट मी परत त्याच्यापुढे ठेवलं नाही. तो हात धुऊन बाहेर गेला.

रविवारी शेडमध्ये मशीन बंद होत्या. शेठला मी दुसऱ्यांदा येईन असं वाटलं नसावं. दिराला माझ्यामागे बघून त्याच्या सगळं ध्यानात आलं. त्याने मला खुर्ची दिली आणि दिराला उभं ठेवलं. मी म्हटलं, आधी कागद दाखवा. माल बघितल्याशिवाय मी बोलत नाही.

छापायच्या टेबलाला वरून रेक्झिन ताणलेलं होतं. त्याच्या खालून त्याने दोन काचांमध्ये ठेवलेला कागद काढला आणि काच उचलली.

पापडासारखा पिवळा, आरपार दिसणारा, जुन्या तेलाचा खवट वास येणारा. सरांच्या काळ्या रेघा मात्र तशाच ठसठशीत होत्या. पाठीवर कुणीतरी काळ्या शाईने पंख काढलेले. मुठीच्या वर आणि मुठीच्या खाली, जिथे खांब होता, तिथे दोन लांब चिरा. चिरांतून टेबल दिसत होतं. आणि कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा, ‘४/१२’, शेजारी सरांची सही. तेल पिऊनही पेन्सिल गेली नव्हती.

मी कागदाची एक बाजू धरली. दुसरी बाजू शेठने धरून ठेवली होती.

“सोडा,” मी म्हटलं.

“पहेलां वात करीए. आधी बोलू.”

तेलाने कागद कडक झाला होता. दोघांपैकी कुणीही जरासं ओढलं असतं तरी तो चिरांवरून फाटला असता, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. मी मालाकडे बघत होते, हे त्याला कळलं होतं. आयुष्यात इतकी उघडी मी कुणासमोर पडले नव्हते.

मी सोडला.

शेठने कागद काचेवर ठेवला, हात पुसले आणि आवाज मऊ केला. “बेन, तू डिंडोलीत माल विकतेस. मार्केटचा दलाल सोड. थेट माझ्याकडून घे.” मग त्याने डझनाचा एक भाव सांगितला. तो ऐकून माझ्या जिभेवर ‘ठीक’ येऊन थांबलं. त्या भावात मी वर्षाच्या आत पक्कं दुकान टाकलं असतं. “कागद इथेच राहू दे. तुझाच समज. बघायला येत जा.”

बघायला येत जा. माझ्याच गुडघ्याला भेटायला कडोदऱ्याला शटलने.

“तुम्हाला कागद नको आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला नवी स्क्रीन हवी आहे. या कागदाला आणखी एकदा तेल लावून काचेखाली दाबला तर तो तुकडे होऊन निघेल. मग ना मला, ना तुम्हाला. फिल्मवर चित्र उतरवून घ्या. फिल्म दहा स्क्रीनला पुरेल.”

“कारागीर पैसे घेतो.”

“हा घेणार नाही.” मी दिराकडे बोट केलं. “आज इथेच बसून उतरवेल. फिल्म, ब्रश, शाई सगळं घेऊन आलाय.”

हे दिराला माहीत नव्हतं. ते सगळं मीच आदल्या दिवशी विकत घेऊन पिशवीत टाकली होती. मी पिशवी त्याच्या हातात दिली.

शेठ बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. ही युक्ती मला ओळखीची होती, म्हणून मी लक्ष्मीच्या फोटोकडे बघत राहिले.

“ठीक,” तो म्हणाला. “फिल्म माझी, कागद तुझा.”

“आणि रुमाल काढायचा.”

“शुं?”

“परीच्या गुडघ्यावरचा रुमाल. फिल्मवर तो नको.”

“एनाथी शुं फरक पडे?”

“काही फरक पडत नसेल तर काढा.”

तो वैतागून हसला. मी थांबले. मग म्हटलं, “आणि भाव तोच. आत्ता बोललात तो.”

“भाई,” तो दिराकडे वळून म्हणाला, “तारा घरमां आ वाघण क्यांथी आवी?”

दीर टेबलाशी गेला.

त्याने कागदावर फिल्म अंथरली, कडेला चिकटपट्टी लावली आणि उतरवायला बसला. मी शेजारी स्टूल घेतलं. त्याचा हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. वेणी त्याने एका दमात उतरवली. पंख, चांदणी, पुढे फेकलेला हात. ब्रश माझ्या कागदावरून फिरत होता. प्रत्येक वेळी तो उचलून शाईत बुडवला की मला वाटायचं, थेंब पडला तर, फिल्म सरकली तर. पण थेंब पडला नाही. मांडी काढून झाली आणि गुडघ्यापाशी त्याचा ब्रश थांबला.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “रुमालाखाली काय आहे ते दिसत नाही. गुडघा कसा काढू?”

रुमालाखाली काय होतं ते मला ठाऊक होतं. सोललेली कातडी, त्यात घुसलेली मैदानातली बारीक वाळू, आणि ती काढायच्या आधीच मी डावाला उतरले होते म्हणून राहिलेला व्रण. तो अजून आहे. त्या चित्रात फक्त रुमाल होता; व्रण ना सरांनी बघितला होता ना शेठने.

“साधा काढ,” मी म्हटलं. “कुठल्याही बाईचा असतो तसा.”

त्याने एक गोलसर रेघ काढली आणि पुढे सरकला. त्या रेघेनंतर ती परी माझी राहिली नाही. मग ती कुठल्याही गठ्ठ्यावर उडाली तरी मला चालणार होतं.

फिल्म वाळल्यावर शेठने कागद स्वतः दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीने बांधून दिला. परत येताना तो मी मांडीवर आडवा धरला. दीर मोपेडवर बसा म्हणत होता. मी शटलने आले.

पुढच्या आठवड्यात नवी कार्डं आली. मी पहिला गठ्ठा घेताना गुडघा तपासला. मोकळा होता. त्या भावात मी बरीच वर्षं तो माल विकला आणि डिंडोलीतल्या बायका अजूनही सांगतात की त्या परकराचा नेफा कधी उसवत नाही.

कागद फ्रेम करायला दिला तेव्हा फ्रेमवाला म्हणाला, मागे पांढरा कागद टाकतो, म्हणजे चिरा कळणार नाहीत. घरी मालक म्हणाले, चिरांच्या जागी पेन्सिलीने खांब काढून घे. मी दोन्हीला नाही म्हटलं. मागे काळा पुठ्ठा लावून घेतला असता तर चिरा काळ्या दिसल्या असत्या आणि लांबून खांब आहे असंच वाटलं असतं; तेही फ्रेमवाल्याने सुचवलं होतं. मला तसं वाटायला नको होतं. मागे नुसती काच ठेवायला लावली. चिरांतून आमची भिंत दिसते.

फ्रेम कुठे लावायची यावर मी फार विचार केला. देवघराशेजारी जागा होती, दारावर होती. शेवटी जेवायला पंगत बसते तिच्यासमोर लावली, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीवर. दीर तोपर्यंत लग्न करून वेगळा राहत होता, पण सणाला आमच्याकडेच जेवतो. सासूबाईंचा तसा हुकूम आहे.

त्या दिवाळीला तो आला, पाय धुऊन आत आला आणि समोर फ्रेम दिसली तशी पाट उचलून त्याने बाजू बदलली. आता त्याची पाठ तिच्याकडे होती. मालकांनी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

मी पुरणपोळी वाढत होते. त्याच्यापाशी आले आणि त्याचं ताट उचललं. ताट मी त्याच्या आधीच्या जागी, फ्रेमसमोर नेऊन ठेवलं.

“इथे बसा, भावजी,” मी म्हटलं. “तिकडे पंख्याचा वारा लागत नाही.”

तो उठून तिथे बसला. मी त्याला तूप वाढलं.